घिवलीच्या दर्यातले बैल

वर्षाराणीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आजवर कोणी जेवलेलं नव्हतं. टेबल घेतलं होतं जेवायलाच. पण पहिल्याच आठवड्यात तिने त्यावर एक पांढरी ओढणी ताणून बसवली, तिच्यावर मोर काढायला घेतला, आणि तेव्हापासून तिचा नवरा कैलास ताट मांडीवर घेऊन जेवायला शिकला. तो तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होता. घरी आल्यावर खुर्चीत बसण्याआधी तिच्यावर काही वाळत घातलंय का, हे तो हात फिरवून बघायचा. ही सवय लागण्यापूर्वीच्या त्याच्या दोन पँटींवर मागच्या बाजूला कमळं उमटलेली होती.

हात मात्र बाईचा असा होता, की बघणाऱ्याने तोंडात बोटं घालावीत. साडी असो, ब्लाउजची पाठ असो, नाहीतर कोणाच्या बाळाचं दुपटं असो, ब्रश टेकला की कापडाला जीव यायचा. आणि त्याहून मोठी करामत म्हणजे, एकदा काढलेलं चित्र ती पुन्हा हुबेहूब काढू शकायची. बोईसरच्या तिच्या कॉलनीतल्या बायकांनीच तिला ते शिकवलं होतं. बाई यायची ती म्हणायची, "मला काहीतरी एकदम वेगळं करून द्या हं, कोणाकडेच नसेल असं." मग तासभर मोबाइलवर चित्रं बघायची, आणि शेवटी म्हणायची, "त्यापेक्षा स्वातीच्या ब्लाउजवर केलंत ना, तेच द्या. सेम." त्यामुळे वर्षाराणीच्या पहिल्या मोराच्या मानेला जिथे बाक, तिथेच दहाव्या मोराच्या मानेला बाक. ना खाली कागद, ना ठसा, नुसत्या नजरेवर. याचा तिला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

ती इस्लामपूरकडची. लग्न होऊन इथे आली, तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. साड्या रंगवून घेणाऱ्या बायका पुष्कळ मिळाल्या, पण त्या साडी खांद्यावर टाकून आरशात स्वतःला बघायच्या. चित्राकडे चित्र म्हणून बघणारी एकच भेटली, ती म्हणजे पुष्पलता. घिवलीची मासेवाली. सकाळी टमटमने बोईसरला यायची, जिन्यात पाटी ठेवायची, आणि माशाचे हात कापडाला लागू नयेत म्हणून ते पाठीमागे बांधून टेबलावर वाकायची.

"ह्या मोराची मान दुखते काय गो?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं.

वर्षाराणीला राग आला. मग तिने नीट पाहिलं. मान खरोखरच अवघडलेली होती. त्या दिवसापासून पुष्पलतेने बघितल्याशिवाय एक साडी घराबाहेर गेली नाही, आणि बोंबील कसे करायचे ते पुष्पलतेने दाखवल्याशिवाय या घरात शिजले नाहीत. माहेर सोडल्यावर मिळालेली ही पहिली मैत्रीण, असं वर्षाराणी आईला फोनवर सांगायची.

अशा या पुष्पलतेने मे महिन्यात एक दिवस पाटी उतरवता उतरवता म्हटलं, "वर्षा, आमच्या मालकाला एक बावटा काढून दे गो."

बावट्याची गोष्ट अशी. घिवलीच्या होड्या समुद्रात जाळी सोडून येतात. जाळ्याच्या टोकाला बोया तरंगत असतो, त्यात काठी आणि काठीला फडकं. दुसऱ्या दिवशी आपलं फडकं लांबून ओळखायचं आणि तिकडे होडी वळवायची. कोणाचं फडकं खताच्या गोणीचं, कोणाचं फाटक्या लुंगीचं. महादूचा, म्हणजे पुष्पलतेच्या नवऱ्याचा बावटा होता जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचा, आणि त्याचा चुलतभाऊ सुका याच्या बोयावर त्याच्या सासूचा हिरवा परकर फडकायचा. पुष्पलतेने हे सगळं तपशीलवार सांगितलं. पण वर्षाराणीचं लक्ष तोवर रंगांच्या बाटल्यांकडे गेलेलं होतं, आणि तिच्या कानांत शेवटचं एकच वाक्य राहिलं.

"लांबून दिसला पायजे. मासा सोडून कायपन काढ. मासे पकडाला माशाचाच फोटो लावला तर ते सावध नाय होनार?"

लांबून दिसणारी गोष्ट म्हटल्यावर वर्षाराणीला आठवला तो वडिलांचा खिलारी बैल. पांढराशुभ्र, शिंगं आभाळात गेलेली. गावच्या वेशीवरूनही ओळखू यायचा. तिने लाल कापडावर तो बैल काढला. खाऱ्या पाण्यात रंग टिकतो का, हे बघायला रंगवलेल्या चिंध्या मिठाच्या बादलीत बुडवून ठेवल्या. कैलासने त्याच पाण्याने तोंड धुतलं आणि दिवसभर डोळे चोळत व्हॉल्व्ह फिरवले. पण रंग टिकला. कापड वाळल्यावर तिने उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवून तो पक्का केला आणि बावटा पुष्पलतेच्या हातात दिला. पुष्पलतेने तो उजेडात धरून पाहिला. हात मागे बांधायचंही विसरली.

महादूने मात्र बावटा उलटसुलट करून पाहिला. "बैल? दर्यात?"

"मंग काय झाला?" पुष्पलता म्हणाली.

"बुडंल ना तो."

"बोयाला बांध. नाय बुडायचा."

बैल बुडाला नाहीच, उलट त्याने गावाला वेड लावलं. तीन होड्या वाट वाकडी करून नुसता बावटा बघायला आल्या. त्यात नेमकी त्याच आठवड्यात महादूच्या जाळ्याला घसघशीत पापलेटं लागली. वारा चांगला होता, पाणी चांगलं होतं; पण वाऱ्याला आणि पाण्याला कोणी श्रेय दिलं नाही. बैलाचा पायगुण, असं गावात ठरलं. आणि मग पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली, होड्या वर ओढल्या गेल्या.

बंदीच्या पहिल्याच आठवड्यात सुकाची बायको तानी बोईसरला आली. दार लावून घेतलं आणि पदराखालून लाल कापड काढलं.

"मना पन तसाच बैल पायजे. शेम. आनि पुष्पाला नको सांगू."

"का हो?"

"मालकांना नारली पुनवेला एकदम दाखवायचा हाय. गंमत."

वर्षाराणीला यात वावगं काही दिसलं नाही. कॉलनीतल्या बायकासुद्धा 'स्वातीला सांगू नका' म्हणूनच स्वातीसारखं करून न्यायच्या. तिने तानीला बैल काढून दिला. मग दुसरी आली. मग कोणाला कळू नये म्हणून वेगवेगळ्या टमटमने आलेल्या दोघी जिन्यातच एकमेकींना भेटल्या आणि 'दात दाखवाला आली होती' असं एकमेकींना सांगून परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक करून आल्या. प्रत्येकीला वाटे, पुष्पलतेनंतर बैल नेणारी आपण एकटीच. प्रत्येकीचं कापड एकाच दुकानातलं, एकाच लाल रंगाचं. आणि वर्षाराणीचा हात तर काय सांगावा! शेवटच्या बैलाची शेपटीसुद्धा पहिल्या बैलाच्या शेपटीपेक्षा अंशानेही डावी-उजवी झाली नाही.

पावसाळी हवेत रंग वाळेना, म्हणून इस्त्रीचं काम कैलासकडे आलं. पुष्पलता मधूनच सुके बोंबील घेऊन यायची, तेव्हा सगळे बैल घाईघाईने पलंगाखाली जायचे.

"पलंगाखाली गोठा केलायस नुसता," कैलास म्हणायचा. "आता वैरण तेवढी आण."

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या, बायकांनी आपापल्या मालकाला गंमत दाखवली आणि मालक खूश झाले. हवा कुंद होती, पाऊस भुरभुरत होता, त्यामुळे जाळी सोडताना कोणाचं दुसऱ्याच्या काठीकडे लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. होड्या जाळी ओढायला निघाल्या आणि बघतात तो काय, घिवलीच्या समुद्रावर बैलबाजार भरलेला! जिकडे बघावं तिकडे लाल बावटा आणि त्यावर तोच पांढरा बैल, तीच शिंगं, तोच रुबाब.

महादू आपला बैल दिसला म्हणून गेला आणि सुकाचं जाळं ओढू लागला. सुका तिसऱ्याच्या जाळ्याला भिडला होता, आणि तिसरा महादूच्या. जाळं होडीत आलं की विणीवरून आणि गाठीवरून परकं ओळखू यायचं. पण तोवर त्यातली मासळीही होडीत आलेली असायची, आणि ती कोणाची हे मासळी काही सांगत नव्हती. दुपारी किनाऱ्यावर जी बाचाबाची झाली, ती वाऱ्यावर पार तारापूरच्या वीज केंद्राच्या भिंतीपर्यंत ऐकू गेली म्हणतात.

पुष्पलता बोईसरला आली ती पाटी न घेता. पाटीशिवाय तिला पाहिल्यावरच वर्षाराणीने हातातला ब्रश खाली ठेवला.

"पुष्पाताई, बसा की. चहा टाकते."

"बसाला नाय आली." पुष्पलतेने बावटा टेबलावर टाकला. "गावात किती बैल हायत, ठाव हाय तुला?"

"तानीवहिनींनी एक... आणि मग..."

"सगल्यांकडं हायत! सुका आपला म्हनून भलताच जाला ओढतंय, आमचे मालक सुकाचा ओढतान. सख्खे चुलतभाव एकमेकाला चोर म्हंतान!"

"मला वाटलं, तुम्हाला आवडलं तर त्यांनाही द्यावं. कॉलनीत सगळ्यांना सारखंच लागतं हो."

"जाल्याचा जाऊं दे. जाला मिलंल." पुष्पलतेचा आवाज एकदम खाली आला. "मना वाटला, तो बैल तू माझ्यासाठी काढलास."

एवढं बोलून ती जिना उतरून गेली. वर्षाराणी बावट्याकडे बघत उभी राहिली.

पुढचे काही दिवस मासे घेऊन दुसरीच बाई आली. मासे ताजे होते, पण कैलासने दोन घास खाऊन ताट बाजूला ठेवलं. गणपती जवळ आलेले, साड्यांची कामं पडलेली. वर्षाराणीने एका साडीच्या पदरावर जास्वंद काढली आणि ती बरी झालीय का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. कैलासला विचारलं तर म्हणाला, "झ्याक." त्याला सगळंच झ्याक वाटायचं. वर्षाराणी जास्वंदीशेजारी डोकं टेकून रडली, आणि जास्वंद थोडी पसरली.

"मी एक बोलू का?" कैलास म्हणाला. "आमच्याकडं पाइपांना येगयेगळं रंग देत्यात. पाण्याचा हिरवा, वाफेचा येगळा. सगळी पाइपं सारखीच रंगवली, तर आम्ही भलताच व्हॉल्व्ह उघडू आन समदी वर जाऊ."

वर्षाराणीने डोकं वर केलं. "हे तुम्ही आधी का नाही बोललात? इतके बैल इस्त्री केलेत स्वतः!"

"मला वाटलं त्यांच्यात रिवाज आसंल. आन काम चालू आसताना बोललेलं तुला कुटं चालतंय?"

रविवारी दोघं घिवलीला गेली. कैलासच्या हातात रंगांची पिशवी होती, वर्षाराणीच्या हातात महादूचा बावटा. किनाऱ्यावर माणसं जमलेलीच होती, आणि मध्ये वाळूवर, आज निवाड्यासाठी उतरवून आणलेल्या बाकी सगळ्या बैलांचा ढीग.

"इंजिन पुसाला बरा कपडा हाय," सुका म्हणत होता.

"मंग तुझा पुस ना पयला," महादू म्हणाला.

"माझा कशाला? तुमी पुसा. माझा बैल लकी हाय."

हीच तर खरी अडचण होती. बैल काढून टाकले पाहिजेत यावर गावाचं एकमत होतं, फक्त प्रत्येकाला ते दुसऱ्याने काढायला हवे होते. त्यामुळे इतक्या दिवसांत महादूचा सोडून एकही बैल बोयावरून कायमचा उतरला नव्हता, आणि रोज नवी भांडणं होत होती.

वर्षाराणी पुढे झाली. "चूक माझी आहे. मी इथेच बसून प्रत्येकाचा बैल वेगळा करून देते. लांबून ओळखू येईल असा."

कोणीतरी होडीचा उरलेला तेलरंग आणून दिला. सुकाने आपला बावटा तिच्यापुढे पसरला. तिने ब्रश उचलला, सुकाकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि हात हवेतच राहिला. इतकी वर्षं तिने सारखेपणाची तालीम केली होती. वेगळं काय करायचं, हे हाताला सुचेचना. माणसं चुळबुळू लागली. तानीने तोंड फिरवलं.

थोड्या अंतरावर पुष्पलता पाठ करून जाळं शिवत बसली होती. तिने मान वळवली नाही, पण तिला राहवेना.

"पोट," ती म्हणाली.

"काय?"

"पोट दे गो त्याला. सुका यायच्या आदी त्याचा पोट येतं."

किनाऱ्यावर हशा उसळला. वर्षाराणीने काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि एका दमात बैलाला असं गरगरीत पोट दिलं, की बैल क्षणात सुका झाला. शिंगं तीच, डोळे तेच, पण बघणारा कोणीही शपथेवर सांगेल की हा सुकाच!

"ह्यो बैल हाय का मी?" सुकाने विचारलं.

"दोगंपन," तानी म्हणाली, आणि नवऱ्याच्या बावट्याला पहिल्यांदाच एवढं डोळे भरून बघितलं.

मग काय, रांग लागली. बायकाच आपापल्या मालकाचं गुपित ओरडून सांगू लागल्या. एकाच्या बैलाच्या तोंडात विडी आली आणि धुराचा भलाथोरला लोट. बायकोचं न ऐकणाऱ्या एकाच्या बैलाला ठळक निळे कान आले. सदा छत्री घेऊन फिरणाऱ्याच्या बैलाच्या शिंगाला पिवळी छत्री अडकली. वर्षाराणी माणसाकडे एकदा बघायची आणि ब्रशचे चार फटकारे मारायची. पाचवा कधी लागला नाही. माणसं पोटं धरून हसत होती, आणि हसता हसता तिच्या हाताकडे बघत राहत होती. कैलास वाळूत उभा राहून शेजारच्याला सांगत होता, "आमची मंडळी हाय ती." त्याची छाती त्या दिवशी जरा जास्तच पुढे होती.

शेवटी एकच बावटा उरला. वर्षाराणीने तो स्वतःच्या मांडीवर पसरला.

"पुष्पाताई, यावर काय काढू?"

पुष्पलता उठून आली. तिने हात पाठीमागे बांधले आणि वाकून बैलाकडे बघितलं, पहिल्या दिवशी मोराकडे बघितलं होतं तसंच.

"याच्यावर कायपन नको."

"अगो, असा कसा?" महादू कळवळला. "सगल्यांचे बैल मालकासारखे, आनि माजाच नुसता बैल?"

"तुझा पयल्यापासून तुझ्यासारखाच हाय." पुष्पलतेने त्याच्याकडे बघितलंही नाही. "वर्षा, याच्या खाली तुझा नाव लिव. मोठ्या अक्षरात. लांबून दिसला पायजे."

वर्षाराणीने आजवर कुठल्याच कापडावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं. कोणी मागितलंच नव्हतं. इतके बैल रंगवताना न चुकलेला हात ते नाव लिहिताना अडखळला, आणि पहिलं अक्षर चांगलंच वाकडं आलं. पुष्पलतेला ते दिसलं. ती पदराने वाऱ्यावरची वाळू अडवून नाव वाळेपर्यंत उभी राहिली.

दोन दिवसांनी पुष्पलता वर्षाराणीच्या स्वयंपाकघरात खाली बसून कोलंबी सोलत होती. तिचा मोबाइल वाजला. हात माखलेले, म्हणून वर्षाराणीने तो स्पीकरवर लावला. समुद्रावरून महादू बोलत होता, आणि भलताच घाबरलेला होता.

"अगो, ह्यो नाव काय लिवून ठेवलास! तुझ्या माहेरच्या, मुरब्याच्या होड्या हायत इकडं. सगले इचारतान, वर्षारानी कोन? ह्या वयात कोनाचा नाव लावून फिरतंय म्हंतान!"

"मंग सांग ना."

"सांगून थकलो! कोनाला पटत नाय. आनि तुझा भाव आलाय, सुजित. होडी आडवी घालून उभा हाय. हातात वल्हा हाय त्याच्या!"

वर्षाराणीने कपाळाला हात लावला. पुष्पलतेने शांतपणे हातातली कोलंबी सोलून पूर्ण केली.

"दे त्याला फोन."

पलीकडून जाडा आवाज आला. "ताय, तू घाबरू नको. फक्त येवडा सांग, ही वर्षारानी कोन?"

"माझी हाय ती."

"तुझी म्हंजे कोन?"

"माझी मैतरीन. मीच सांगून लिवलाय तिचा नाव. आपल्या मानसाचा नाव लावाला लाज कसली? आनि मालकाच्या अंगावरचा वल्हा काढ."

पलीकडे वल्हं होडीत टाकल्याचा आवाज आला. मग सुजितचा आवाज एकदम मऊ झाला.

"ताय, बैल बाकी जबरदस्त हाय. माझ्या बोयाला पन असाच एक काढून देल काय ती? तिला इचार ना."

वर्षाराणीने सवयीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पुष्पलतेने कोलंबीने माखलेला हात वर करून तिला गप्प केलं आणि फोनजवळ वाकली.

"तिला कशाला इचारू? नाय मिलनार," ती म्हणाली, आणि कोपराने फोन बंद केला.